सुईच्या आधी पाणी

हगवण लागलेल्या वासराकडे मी शेपटीकडून जात नाही. मालक मात्र तिथूनच सांगायला लागतो: रंग कसला, वास कसला, रात्रीतून किती वेळा. ते ऐकत मी खाली बसतो आणि वासराच्या तोंडात बोट घालतो. तोंड ऊबदार लागलं आणि वासरानं बोट ओढून चोखलं, तर अजून वेळ हातात आहे. बोट जिभेवर नुसतंच पडून राहिलं आणि आतून माठासारखा गारवा लागला, तर गाडीतून सलाइन काढायला माणूस पाठवतो. मग मानेची कातडी चिमटीत धरून सोडायची. बऱ्या वासराची कातडी लगेच सपाट होते. सुकलेल्याची घडी तशीच उभी राहते. शेवटी डोळा. खालची पापणी आणि डोळ्याचा गोळा यांच्यात फट पडली असेल, तर पाणी बरंच गेलेलं आहे.

या सगळ्याला मिनिटभर वेळ लागतो, आणि त्यातून हिशेब निघतो. देवणी गायीचं पंचवीस किलोचं वासरू घ्या. त्याच्या वजनाच्या 8 टक्के पाणी गेलं म्हणजे 2 लिटर गेलं. ते आजच्या आज परत घालायचं, शिवाय संध्याकाळपर्यंत जे आणखी जाणार तेही. हा हिशेब न करता दिलेलं कुठलंही औषध मला अंधारातला दगड वाटतो.

नांदेड-लातूर भागात गायी म्हणजे मुख्यतः लाल कंधारी आणि देवणी. काटक जनावरं. उन्हाला, कडब्याला, मैलभर चालायला न डगमगणारी. पण आठ-दहा दिवसांच्या वासराचं आतडं कुठल्या जातीचं काटक नसतं. पहिल्या चार-पाच दिवसांतली हगवण बहुधा ई. कोलाय या जिवाणूची. पाचव्यापासून पंधराव्या दिवसापर्यंत पिवळी, पातळ, न पचलेल्या दुधाच्या गुठळ्या असलेली हगवण दिसली, की माझा पहिला संशय रोटा विषाणूवर जातो आणि दुसरा कोरोनावर. 2020 नंतर हे नाव आखाड्यावर घ्यायची चोरी झाली. एका मामांनी तर तोंडावरचा गमछा घट्ट केला. हा गायीगुरांचा वेगळा कोरोना आहे, तो आम्हाला पन्नास वर्षांपासून माहीत आहे, असं सांगून गमछा सोडवायला थोडा वेळ गेला. तीन आठवड्यांच्या पुढे रक्त-शेंब पडली, तर गोष्ट वेगळी. तिथे कॉक्सिडियाचं औषध लागतं.

रोटा करतो काय, तर लहान आतड्याच्या आतले जे बारीक रसांकुर दूध शोषून घेतात, त्यांचे शेंडे झडवतो. दूध पचत नाही, ते आतड्यात पाणी ओढतं आणि सगळं बाहेर पडतं. गंमत अशी, की हे शेंडे चार-सहा दिवसांत आपोआप पुन्हा वाढतात. वासरू विषाणूनं सहसा मरत नाही. ते मरतं पाणी, मीठ आणि सोडा वाहून गेल्यानं: रक्त आंबट होतं, त्यातलं पोटॅशियम वाढतं आणि हृदय थांबतं. म्हणजे माझं काम एवढंच, की शेंडे उगवेपर्यंत वासराला तगवून ठेवायचं. विषाणू मारायचं औषध माझ्या पेटीत नाही आणि त्याची फारशी गरजही पडत नाही.

हे मालकाच्या गळी उतरवणं ही या कामातली खरी मेहनत. ‘डॉक्टरसाब, एक सुई मारा की एकडाव.’ सुई न मारता परत गेलेला डॉक्टर गावाच्या लेखी आलेलाच नसतो. ताप असेल, वासरू मलूल होऊन आडवं पडलं असेल, तर प्रतिजैविक मीही देतो, कारण दुबळ्या आतड्यातून जिवाणू रक्तात शिरतात. पण उभ्या असलेल्या, बोट चोखणाऱ्या वासराला ती सुई म्हणजे मालकाच्या समाधानाचं औषध. अशा वेळी मी जीवनसत्त्वाची सुई टोचतो आणि क्षारपाण्याचा पुडा हातात ठेवतो. याला लबाडी म्हणायचं तर म्हणा. पुडा पाजला जातो, हे महत्त्वाचं.

पुडा नसेल तेव्हा घरात काय असतं? आमच्याकडे हमखास गूळपाणी पाजतात. माणसाच्या लेकराला साखर-मिठाचं पाणी चालतं, म्हणून वासरालाही चालेल असं वाटणं साहजिक आहे. पण तान्ह्या वासराच्या आतड्यात ऊस-साखर फोडणारं पाचकद्रव्य नसतं. गूळ-साखर तशीच पुढे जाते आणि हगवण वाढवते. त्याला लागतो ग्लुकोज, किराणा दुकानात डब्यात मिळतो तोच. सोबत मीठ आणि खायचा सोडा. हे पाणी दुधात कालवायचं नाही, कारण सोड्यामुळे दूध पोटात नीट जमत नाही. सकाळ-संध्याकाळ दूध, दुपारी आणि रात्री क्षारपाणी. दूध तोडायचं नाही, हेही परत परत सांगावं लागतं. उपाशी ठेवलं की हगवण थांबल्यासारखी दिसते, कारण बाहेर पडायला आत काही उरलेलं नसतं.

2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. एप्रिलमध्ये आलेल्या पहिल्या ‘जलदूत’मध्ये दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होतं. त्या दिवसांत ‘चार लिटर स्वच्छ पाणी उकळून गार करा’ हे सांगताना माझीच जीभ अडखळायची. घरात प्यायला दोन घागरी, आणि डॉक्टर वासरासाठी अर्धी मागतोय. तरीही बायकांनी ती दिली. गोठ्यातल्या हगवणीचं ओझं जास्त करून बायकांवरच असतं, आणि माझ्या सूचना नेमकेपणानं पाळणाऱ्याही त्याच.

हगवणीचं नाव काढलं की जुनी माणसं बुळकांडीची गोष्ट काढतात. माळेगावच्या यात्रेत, बैलांच्या दावणीला बसून, मी ती कितीदा ऐकली आहे: डोळ्यांतून-नाकातून पाणी, तोंडात फोड, मग घाण वासाची हगवण, आणि आठवड्याभरात दावण रिकामी. तोही विषाणूच, माणसाच्या गोवराचा भाऊबंद. त्याच्यावर काम करायला 1889 मध्ये पुण्यात प्रयोगशाळा निघाली. पुढे ती मुक्तेश्वरच्या थंडीत हलली आणि आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था तिच्यातूनच उभी राहिली. देशातली शेवटची साथ 1995 ची. 2006 मध्ये भारत बुळकांडीच्या संसर्गातून मुक्त ठरला आणि 2011 मध्ये सगळं जग. देवीनंतर माणसानं पृथ्वीवरून पुसलेला हा दुसरा रोग. उदगीरच्या पशुवैद्यक महाविद्यालयातून आता बाहेर पडणारी मुलं तो फक्त पुस्तकात वाचतात. बर्फाच्या पेटीतून लस घेऊन वस्ती-वस्ती हिंडलेल्या ड्रेसर आणि पर्यवेक्षकांची नावं मात्र कुठल्या पुस्तकात नाहीत.

बुळकांडीचाच चुलत भाऊ अजून आमच्या शेळ्यांत फिरतो आहे: पीपीआर. भारतात तो 1987 मध्ये तमिळनाडूत ओळखला गेला. उस्मानाबादी शेळीचं गिऱ्हाईक मोठं, बाजार रोज कुठे ना कुठे भरलेला, त्यामुळे विषाणूला पायपीट करावी लागत नाही. तो टेम्पोतून येतो. बाजारातून स्वस्तात आणलेली शेळी चौथ्या-पाचव्या दिवशी शेंबडते, तोंड सडल्यासारखं घाण मारतं, मग हगवण, मग धाप. तोवर शेजारच्या चार बांधलेल्या असतात. इथे सलाइननं काही वाचतात, सगळ्या नाही. लस मात्र चांगली आहे, एका टोचणीत किमान तीन वर्षं पुरते, आणि 2030 पर्यंत हा रोगही जगातून संपवायचा असं ठरलेलं आहे. माझ्या मते तो संपेल, पण लस कमी पडते म्हणून नव्हे तर शेळीवाल्याला कुणी मोजत नाही म्हणून उशीर होईल. दोन शेळ्या असलेल्या विधवेच्या दारात शिबिर कधी जातं, ते बघा.

नांदेड शहरात कुत्र्याच्या पिलाचा पार्व्हो बघायला जातो, तेव्हाही कामाची रीत तीच: रक्ताची हगवण, उलट्या, आणि शिरेतून पाणी. तिथले मालक सुई कमी मागतात, फोटो जास्त पाठवतात.

गायीच्या रोटानं माणसाचं एक भलंही केलं आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची रोटासिल लस गायीच्या रोटा विषाणूवर माणसाच्या रोटाचे जनुक चढवून केलेली आहे. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात बाळाला जी रोटाची लस पाजतात, तिच्यात अशी गोठ्याची मदत असते. वासरासाठी मात्र आपल्या सरकारी लसीकरणात रोटाची लस नाही. त्याची लस त्याच्या आईच्या कासेत आहे.

आणि इथेच घोडं अडतं. गायीच्या वारेतून रोगप्रतिकारक द्रव्यं वासराकडे जात नाहीत; वासरू जन्मतं ते पूर्ण उघडं. सगळं कवच चिकातून यायचं, आणि ते शोषून घेणारं आतड्याचं दार चोवीस तासांत बंद होतं. सहा तासांनंतरच ते मिटायला लागतं. पण आमच्याकडे चाल अशी, की वार पडल्याबिगर चीक पाजायचा नाही. वार पडायला आठ-बारा तास लागू शकतात. ‘कामून घाई करायलाव साहेब, वार तर पडू द्या,’ असं म्हणणारी आज्जी गायीच्या काळजीनंच बोलत असते. तिला मी एवढंच सांगतो, की वासरू ओढायला लागलं की ज्या द्रव्यानं पान्हा सुटतो, त्यानंच गर्भाशयही आकसतं. चीक पाजला तर वार लवकरच पडेल. काही आज्ज्या ऐकतात.

तेव्हा या हंगामात ज्यांच्या गायी-म्हशी व्यायच्या आहेत, त्यांनी वारेची वाट पाहू नये. वासरू उभं राहिलं की आचळाला लावावं. उभं राहत नसेल तर चीक पिळून बाटलीनं पाजावा. पहिल्या दोन तासांत दीड-दोन लिटर, आणि बारा तासांच्या आत पुन्हा तेवढाच. खरवस दुसऱ्या दिवशीच्या चिकाचाही होतो. दूध थोडं कमी घालावं लागतं, एवढंच.