जेवणाच्या टेबलावरची फियाट

परवा चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आलेल्या एका बाईंनी आमच्या शोकेसकडे बघितलं आणि कौतुकानं विचारलं, "नातवंडं आली आहेत वाटतं सुट्टीला?" शोकेसमध्ये ओळीनं सहा-सात मोटारी. लाल, पांढरी, निळी. मी म्हटलं, "नाही हो, त्या आमच्या यांच्या." बाई हसल्या. पन्ह्याचा पेला तोंडाला लावून हसल्या, त्यामुळं ठसका लागला. मीही हसले. आता काय सांगायचं? सत्तरीच्या गृहस्थाच्या मोटारी!

पण मैत्रिणींनो, तुम्हांला सांगायला हरकत नाही. त्या मोटारींपायी आमच्या घरात गेल्या दहा वर्षांत जेवढी भांडणं झाली, तेवढी सासूबाई होत्या तेव्हाही झाली नव्हती.

सुरुवात मुलीनं केली. 2015 साली यांची साठी झाली, तेव्हा तिनं एक खोकं आणून दिलं. वर फोक्सवॅगन बीटलचं चित्र, आत सगळे तुकडे. तामिया ही जपानी कंपनी असे संच करते. प्लास्टिकच्या चौकटीला इवले इवले भाग लटकलेले असतात. ते कापायचे, घासायचे, रंगवायचे आणि मग जोडायचे. मला वाटलं, रविवारच्या दुपारचं काम. खोकं उघडलं ते श्रावणात आणि मोटार उभी राहिली ती तुळशीच्या लग्नाला! तोवर आम्ही दोघं पाट मांडून खाली जेवत होतो, कारण टेबलावर "हात लावू नकोस, वाळतंय" अशी पाटी. खरोखरची पाटी हो, पुठ्ठ्याची.

यात मला आधी काही म्हणजे काही कळत नव्हतं. एक दिवस हे म्हणाले, "अगं, हे माप 1:24 चं. खऱ्या गाडीचा एक फूट म्हणजे इथला अर्धा इंच." तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला. कागदावर ब्लाऊजचं कटिंग छोटं करून काढतो, तसंच की! मग मला हळूहळू गोडी लागू लागली, पण ती मी दाखवली नाही. दाखवली असती तर दुसरं टेबलही गेलं असतं.

किती उपद्व्याप असतात म्हणून सांगू! तुकडे आधी भांड्याच्या साबणानं धुवायचे, कारण साच्यातून काढताना लागलेलं तेल राहिलं तर रंग धरत नाही. मग पॉलिश पेपर, आधी जाडा, मग बारीक, शेवटी 2000 नंबरचा, जो हाताला कागदासारखाच लागतो. रंगाचे हात पातळ, एकावर एक, प्रत्येकाला वाळायला वेळ. धूळ बसू नये म्हणून हे रंगकाम न्हाणीघरात करायचे, फरशीवर पाणी शिंपडून. म्हणजे आंघोळीची वेळही मोटारीला विचारून! एकदा भर जुलैत घाईनं फवारा मारला, तर दुसऱ्या दिवशी निळ्या रंगावर पांढुरका धुरकटपणा. हवेतल्या ओलीनं तसं होतं म्हणे. पापड पावसाळ्यात घालू नयेत हे आपल्याला कळतं, यांना मोटार घालवून कळलं.

माझ्या हातूनही एक पाप झालं. बीटलच्या टपावर रंगाचा ठिपका दिसला. मी उपकार म्हणून कापसाच्या बोळ्यावर नखांचा रंग काढायचं ॲसिटोन घेतलं आणि पुसलं. ठिपका गेला, त्याच्याबरोबर टपही गेला! ॲसिटोननं असलं प्लास्टिक विरघळतं. तुमच्याकडे मुलांची अशी खेळणी असतील तर हे लक्षात ठेवा. त्या दिवशी हे एक शब्दही बोलले नाहीत, आणि यांचं न बोलणं मला ओरडण्यापेक्षा जड जातं.

एकदाच असं झालं होतं त्याआधी. तेच सांगायला मी हे लिहायला घेतलंय.

आमच्याकडे खरी मोटार होती. 1986 च्या पाडव्याला घेतलेली, जुनी, दुसऱ्याची वापरलेली फियाट. तिचं नाव 1974 पासून प्रीमियर पद्मिनी झालेलं, पण आपल्याकडे पद्मिनी कोण म्हणतं? फियाटच. तिच्या आधीच्या गुबगुबीत गाडीला तर लोक सरळ डुक्कर फियाट म्हणायचे. आमच्या गाडीचा गिअर स्टिअरिंगला होता, मागच्या काचेला मी शिवलेले पडदे होते आणि साताऱ्याहून पुण्याला जाताना खंबाटकीच्या घाटात ती हटकून तापायची. पाण्याचा डबा मी डिकीत डब्याच्या पोळ्यांच्या आधी ठेवायची. यांनी मला गाडी शिकवली ती याच गाडीवर. शिकवली म्हणजे ओरडले. आणि मी फाटकाला घासून डाव्या दाराला पोचा पाडला.

1997 साली मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. फी भरायची होती. गाडीचा पत्रा खालून सडला होता, दर महिन्याला गॅरेजचं बिल. मीच मागं लागले, विका. उठता बसता, विका. गाडी हवी की पोरीचं शिक्षण, असंही एकदा बोलले. हे बोलले नाहीत. एका रविवारी किल्ली घेऊन गेले आणि संध्याकाळी चालत आले. नोटा माझ्या हातात दिल्या, किल्लीचं नुसतं कडं खिळ्याला अडकवलं आणि पाय धुवायला गेले. मी हिशेबाची वही घेऊन बसले. खूश होते मी. माझा निर्णय चुकला असं आजही वाटत नाही, पण ती संध्याकाळ आठवली की ते चालत येणं दिसतं.

आता पुन्हा टेबलाकडे येते. 2021 सालाच्या सुमारास यांनी एक नवा संच अर्ध्यावर सोडला. खोकं बांधून माळ्यावर टाकलं. मी मनात म्हटलं, सुटले! टेबलावर कशिद्याचा कपडा घातला, फुलदाणी ठेवली. चार महिने गेले. एका लग्नात यांनी चहाचा कप उचलला आणि बशीभर चहा सांडला. घरीही सांडत होताच. मी धांदरटपणा म्हणून बोलत होते. त्या रात्री माळ्यावरचं खोकं काढून बघितलं. बीटलच्या खिडक्यांच्या कडा रेघ मारल्यासारख्या, आणि या गाडीच्या कडा भित्र्या पोरानं गिरवलेल्या अक्षरांसारख्या.

डॉक्टरांकडे नेलं. माझ्या मनात नाही नाही ते. त्यांनी हात मांडीवर ठेवायला सांगितला, तर स्थिर. पाण्याचा पेला उचलायला सांगितला, तर थरथर. ते म्हणाले, हा पार्किन्सन नव्हे. काम करताना हात कापण्याचा हा वेगळा आजार, इसेन्शियल ट्रेमर. बऱ्याच घराण्यांत चालत येतो. मला सासऱ्यांची सही आठवली. या आजाराला एक गोळी नेहमी देतात, पण ती दम्याच्या माणसाला चालत नाही आणि यांना दमा आहे. घरी येताना रिक्षात हे एवढंच म्हणाले, "बरं झालं, टेबल मोकळं झालं तुझं."

बाई गं, काय लागलं ते मनाला!

मी एकदम काही केलं नाही. तसं केलं असतं तर यांनी दया समजून झिडकारलं असतं. दोन वर्षं तशीच गेली. मग 2023 च्या ऑक्टोबरअखेर वर्तमानपत्रात बातमी आली की मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी आता बंद, कारण टॅक्सीला वीस वर्षांची मुदत असते. यांनी फोटो कापून ठेवला. मी विचारलं, "आपली फियाट करता येईल का हो?" "हात कुठायत?" "माझे आहेत की."

तिचा संच कुठं मिळतो? यांनी प्लास्टिकच्या पातळ पत्र्यातून सांगाडा कापायचं ठरवलं. खरी गाडी साधारण 3.93 मीटर, म्हणजे आपली साडेसोळा सेंटिमीटरला थोडी कमी, वीतभरही नाही. घासणं, लांबी भरणं, फवारा मारणं ही कामं यांना अजून नीट जमतात. फवारा आता पाण्यात मिसळायच्या रंगाचा आणि खिडकी उघडी ठेवून, तोंडाला मास्क, ही माझी अट. बारीक काम माझ्याकडे.

मला वाटलं होतं, रांगोळीचा हात आहे, चुटकीसरशी होईल. कसलं काय! रांगोळी मनगटातून येते, इथं नुसती बोटांची टोकं. पहिली रेघ गेली ती बॉनेटवरून थेट चाकापर्यंत. "अगं सावकाश! डावीकडे! डावीकडे म्हटलं ना!" तोच आवाज, गाडी शिकवतानाचा. मी कुंचला ठेवला आणि म्हटलं, ओरडलात तर फाटकाला घासेन. त्यावर बऱ्याच दिवसांनी हे मोठ्यानं हसले. शेवटी उपयोगी पडलं ते साडीला फॉल लावणं. दोन्ही कोपरं टेबलावर टेकायची, दोन्ही मनगटं एकमेकींना लावायची, श्वास सोडताना रेघ ओढायची.

इंजिनाला चार सिलिंडर, म्हणून वायरी पाच. त्या माझ्या शिवणाच्या काळ्या दोऱ्याच्या. क्रोमच्या पट्ट्या स्वयंपाकघरातल्या फॉइलच्या, टूथपिकनं दाबून बसवलेल्या. दारांच्या फटीत पातळ काळपट रंगाचा थेंब सोडला की तो आपोआप फटीतून धावत जातो, ते बघायला मला फार आवडतं. पडद्यांचा मूळ कपडा ट्रंकेत सापडला, पण एवढ्याशा गाडीत त्याची वीण गोणपाटासारखी दिसू लागली. म्हणून साडीच्या खोक्यातला पातळ कागद रंगवून पडदे केले.

रंगावरून मात्र आठवडाभर वाद. हे म्हणत पिस्ता, मी म्हणे त्याहून निळसर. जुने फोटो सगळे पिवळट पडलेले. मग मी कपाट उघडलं. गाडी आणली त्या पाडव्याला मी तिच्या रंगाची साडी घेतली होती, मुद्दाम. साडी टेबलावर पसरली. हे बघतच राहिले. "तू गाडीच्या रंगाची साडी घेतली होतीस?" म्हटलं, सदतीस वर्षांनी दिसली! त्यातही यांनी रंगात पांढऱ्याचा थेंब टाकलाच. छोट्या वस्तूवर तोच रंग गडद दिसतो म्हणे. बघितल्यावर पटलं मला, पण तसं म्हणाले नाही.

आता एकच प्रश्न अडला आहे. हे म्हणतात, डाव्या दाराला पोचा हवा, त्याशिवाय ती आपली गाडी नव्हेच. मी म्हणते, मुळीच नको, उद्या हळदीकुंकवाच्या बायका विचारतील. तीन दारं लागली आहेत. चौथं वाटीत ठेवलंय, आणि टेबलावर पाटी आहे, म्हणून आज पुन्हा पाट मांडून जेवायचं.