निळ्या 'ई'च्या शेजारचा कोल्हा

२००४-०५च्या सुमारास नाशिकच्या कॉलेज रोडला माझा सायबर कॅफे होता. प्लायवूडच्या खोपट्या, तासाला वीस रुपये. गिऱ्हाईक म्हणजे के. के. वाघ आणि बीवायके कॉलेजची मुलं, मुक्त विद्यापीठाचं काम घेऊन खेड्यावरून आलेली मंडळी आणि अमेरिकेतल्या लेकाशी याहूवर बोलणारे आईवडील. पडद्यावरचा निळा 'ई' (इंटरनेट एक्सप्लोरर) म्हणजेच इंटरनेट, अशी सगळ्यांची पक्की समजूत.

माझं खरं काम शटर ओढल्यावर सुरू व्हायचं. दिवसभरात कोणीतरी 'अभिनंदन, तुम्ही बक्षीस जिंकलात'वर क्लिक केलेलं असायचं. मग एक खिडकी मिटवली की दोन उघडणार, होमपेज भलतंच आणि वर टूलबारांची रांग. शेवटी फॉरमॅट मारायचा. त्या 'ई'ची सहावी आवृत्ती २००१ची. सातवी यायला २००६चा ऑक्टोबर उजाडला. जगातले दहातले नऊ लोक तोच वापरत होते, मग सुधारणेची घाई कोणाला असणार?

इंजिनिअरिंगच्या एका पोराने पेन ड्राइव्हवरून फायरफॉक्स आणला. पाच एमबीसुद्धा नाही. "दादा, टाकून तर बघा, फुकट आहे." फुकट म्हटल्यावर मी सावध झालो, हाही त्या टूलबारवाल्यांचाच भाऊबंद निघायचा! त्याने मग सगळी कूळकथा सांगितली. नेटस्केप कंपनीने १९९८ मध्ये आपल्या ब्राउझरचा कोड खुला केला, त्यातून मोझिला उभी राहिली आणि ९ नोव्हेंबर २००४ला फायरफॉक्सची पहिली पूर्ण आवृत्ती आली. कोड कोणीही वाचावा, दुरुस्त करावा, वाटावा. त्याच डिसेंबरात 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये दोन पानी जाहिरात आली, तीही वापरणाऱ्यांनी पैसे जमवून. छापलेली नावं हजारोंच्या घरात. गणेशोत्सवाच्या वर्गणीसाठी गल्लीभर फिरलेल्या मला हा हिशेब लगेच कळला.

सगळ्या मशिनांवर तो टाकला आणि आयकॉनवरच्या कोल्ह्याखाली नुसतं 'इंटरनेट' असं लिहिलं. सुरुवातीला "ई कुठे गेला?" झालं, पण पॉप-अप बंद झाल्याचं लोकांच्या लक्षात आलं. निकालाच्या दिवशी मुलं एकाच खिडकीत चार-पाच टॅब उघडून प्रत्येक टॅबमध्ये बैठक क्रमांक टाकत बसायची. ज्यात आधी उघडेल त्यात उघडो. जुन्या मशिनवर इतक्या वेगळ्या खिडक्या उघडल्या असत्या तर ती जागीच बसली असती. हळूहळू "दादा, कोल्हा सीडीवर द्या ना," अशी मागणी सुरू झाली.

अडलं ते मराठीपाशी. नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले एक काका रोज सकाळी पेपर वाचायला यायचे. त्या काळी बरीच मराठी वर्तमानपत्रं आपापला फॉन्ट वापरायची. 'ई'मध्ये तो आपोआप उतरायचा. कोल्ह्याला मात्र ते तंत्र मान्य नव्हतं. त्यामुळे बातमीच्या जागी टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं आणि चौकोन दिसायचे. "माझा पेपर कुठे घालवलास रे?" काकांनी भर कॅफेत मला विचारलं. त्यांच्यापुरता निळा 'ई' परत आणावा लागला.

उपाय पुन्हा त्याच पोराने शोधला. 'पद्म' नावाची फायरफॉक्सची छोटी पुरवणी होती, तीही खुली. मूळ काम तेलुगूसाठी झालेलं; पुढे त्यात देवनागरीची भर पडली. पेपरच्या संकेतस्थळाचा पत्ता तिच्या यादीत घातला आणि पान पुन्हा उघडलं, तर अख्खा मजकूर युनिकोडमध्ये! दोन्ही कडा जुळवून छापलेल्या मजकुरात जोडाक्षरं तेवढी फुटायची. काकांनी चष्मा पुसून अग्रलेख खालपर्यंत वाचला आणि म्हणाले, "वेलांट्या जरा सांभाळायला सांग त्यांना." 'त्यांना' म्हणजे नेमकं कोणाला, हे मलाही सांगता आलं नसतं.

पण माझं मत तिथे बनलं. नाशिकरोडच्या पेन्शनरला मराठी पेपर वाचता यावा म्हणून कुठल्या कंपनीने माणूस बसवला असता? त्यात धंदा नव्हता. कोड खुला होता म्हणून ज्याला नड होती त्याने तेलुगूची सोय केली आणि तिच्यावर आमची झाली. लोक फुकट म्हणून आले, हे खरंच. टिकले ते अशा सोयींमुळे. जून २००८मध्ये फायरफॉक्सची तिसरी आवृत्ती चोवीस तासांत ऐंशी लाखांहून अधिक वेळा उतरवली गेली आणि गिनीज बुकात गेली. त्यात आमच्या कॉलेज रोडचाही खारीचा वाटा होता.

पुढे हातोहाती मोबाइल आले आणि कॅफे मिटला. कोल्ह्याचाही वाटा आता फार उरलेला नाही. वर्तमानपत्रं युनिकोडवर आली, तेव्हा 'पद्म'चंही काम संपलं. पण अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स आहे, क्रोम क्रोमियमच्या खुल्या कोडवर चालतो, आणि निळ्या 'ई'वाल्या कंपनीने २०२०मध्ये आपला एज ब्राउझरही त्याच क्रोमियमवर बांधून दिला. नाव कोणाचं राहिलं याला माझ्या लेखी फारसं महत्त्व नाही. मराठीत अजूनही कुठे मात्रा घसरते, कुठे भाषांतर फसतं. पण कोड खुला असेल तिथे ते दुरुस्त करायला कोणाच्या परवानगीची वाट बघावी लागत नाही. आपल्या पोरांनी हे काम अंगावर घ्यावं, एवढंच माझं म्हणणं.