पौषातले मागणे

बदलीच्या नोकरीत माणसाच्या वाट्याला गावे पुष्कळ येतात. गाव मात्र क्वचितच येते. सामान उतरते, मुलांची नावे शाळेत पडतात, दारावर नावाची पाटी लागते आणि तरीही आपण तिथले पाहुणेच राहतो. आपण त्या गावचे केव्हा झालो, हे सरकारी हुकुमावरून कळत नाही. ते, माझ्या समजुतीप्रमाणे, सणांवरून कळते, त्यातही हिवाळ्यातल्या.

स्पेनमधली चाल या दृष्टीने मोठी मनोवेधक आहे. तिथे नाताळात मुले दारोदार गाणी म्हणत हिंडतात आणि घरोघरी त्यांच्या हातावर खाऊ किंवा नाणी पडतात. त्या देण्याला 'आगिनाल्दो' म्हणतात. पण खरी भेटवस्तू मिळते ती सहा जानेवारीच्या पहाटे. आदल्या रात्री मुले आपले जोडे मांडून ठेवतात, उंटांसाठी पाणी ठेवतात आणि झोपी जातात. खेळणी आणणारे घरचे कोणी नसतात. पूर्वेकडून आलेले तीन परके राजे असतात! आपल्या गोव्यातही मांडवीकाठी, १५५५ साली उभारलेल्या रेइश मागुशच्या चर्चपाशी, त्याच दिवशी तीन मुलगे राजांच्या वेषात घोड्यांवरून येतात. दूरवरून येणाऱ्याने रिकाम्या हाताने येऊ नये, असाच या सणाचा भाव दिसतो.

भिलाईत आलेले आपण सगळेच दूरवरचे. १९५९ साली इथली पहिली झोतभट्टी पेटली आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे आली. त्यामुळे वैशाली नगरात जानेवारी महिना मोठा गजबजलेला असतो. कुणाकडे लोहडीची शेकोटी, कुणाकडे पोंगलचे उतू जाणारे भांडे, आपल्याकडे हळदीकुंकू. परंतु आपला तिळगूळ बहुधा एका मराठी पाटीवरून दुसऱ्या मराठी पाटीकडेच जातो.

छेरछेऱ्याचे तसे नाही. पौषी पौर्णिमेपर्यंत छत्तीसगढच्या खळ्यांवरचे धान झोडपून कोठीत पडलेले असते. त्या दिवशी मुले झोळ्या घेऊन निघतात आणि दारोदार धान मागतात. मागण्यात लाज नाही, देण्यात उपकार नाही. सुखवस्तू घरातले मूलही त्या घोळक्यात असते.

२०२४ साली ही पौर्णिमा २५ जानेवारीस आली. आमचा तिळगूळ वाटून संपला होता. सकाळी फाटकाशी सातआठ मुले उभी राहिली आणि "छेरछेरा!" असा गलका झाला. आमच्या सौ.नी नाणी दिली. मुलांनी ती घेतली, पण पाय हलेनात. शेवटी एका चिमुरडीने झोळीचे तोंड उघडून कोठी कुठे आहे, असे विचारले. आमच्या दोन खोल्यांत कोठी कुठली! सौ.नी तांदळाचा डबाच बाहेर आणला आणि आईच्या वेळच्या पितळी वाटीने प्रत्येकीच्या झोळीत एकेक माप घातले. मुले दुसऱ्या दाराकडे धावली. आम्ही कोण, कुठले, किती दिवसांचे, हे कुणीही विचारले नाही.

मला त्या न विचारण्याचेच मोल वाटते. मराठी माणूस या मुलखात नवा नाही. १७५८ च्या सुमारास बिंबाजी भोसले रतनपूरला राज्य करावयास आले, तेव्हापासून तो येतो आहे. तेव्हा तो सत्ता घेऊन आला, आज बदलीचा हुकूम घेऊन येतो. दोन्ही वेळा त्याला बोलावणारे कुणी निराळेच. मागणाऱ्या मुलाने मात्र आपल्या दाराशी उभे राहून त्याला या गावचा गृहस्थ ठरवले. कारण पाहुण्याच्या घरी कुणी धान मागावयास जात नाही.

उद्या पुन्हा हुकूम येईल, सामान बांधले जाईल. नव्या गावी पौषात कुणी काय मागेल, ते सांगता येत नाही. पितळी वाटी तेवढी वरच्या पेटीत ठेवावी, म्हणजे चटकन हाती लागेल.