आपल्या नळाच्या पाण्याचं माहेर

आषाढ लागला, सिंहगडावर ढग टेकले की पुण्यातल्या घराघरांत रविवारचे बेत सुरू होतात. मुलांना भिजायचं असतं, 'ह्यां'ना गरम भजी हवी असतात आणि आपल्याला एक दिवस तरी चुलीपासून सुट्टी! मग मैत्रिणींनो, यंदा खडकवासला आणि पानशेतला जा. ज्या पाण्यावर आपला रोजचा वरणभात शिजतो, त्याचं माहेर एकदा डोळ्यांनी पाहून या.

सकाळी लवकर निघावं. उन्हं नसली तरी गर्दी असतेच. स्वारगेटहून सिंहगड रस्त्यानं खडकवासला पंधरा-वीस किलोमीटर, बसनंही जाता येतं. हे दगडी धरण सुमारे दीडशे वर्षांपूर्वीचं. विश्वेश्वरय्यांनी आपले आपोआप उघडणारे दरवाजे 1903 साली बसवले ते इथंच. पाणी ठरावीक पातळीच्या वर चढलं की ते माणसाच्या मदतीवाचून उघडत. मुलांना हे जरूर सांगा. भाजलेलं कणीस खाता खाता ऐकलेली गोष्ट चांगली लक्षात राहते!

पुढं डोणजे फाट्याला सिंहगडाची वाट डावीकडे सोडली की खरा पावसाळा सुरू होतो. उजव्या हाताला जलाशय, डाव्या हाताला डोंगर आणि डोंगराच्या अंगावरून उतरणारे पांढरे ओहोळ. खाचरांत भाताची लावणी चाललेली असते. गुडघाभर चिखलात, डोक्यावर घोंगडी नाहीतर प्लास्टिकचा कागद घेऊन बायका दिवसभर वाकलेल्या असतात. गाडी थांबवून त्यांचे फोटो काढत बसू नये. 'काय, झाली का लावणी?' एवढं विचारलं तरी त्या हसून बोलतात.

शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर पानशेत. इथं आंबी नदीवर पानशेतचं आणि जवळच मोसे नदीवर वरसगावचं धरण आहे. तिकडं मुठेवर टेमघर. तिन्ही नद्यांचं पाणी सांगरुणपाशी एकत्र येऊन खडकवासल्यात उतरतं. चारही धरणं भरली की साठा होतो 29 टीएमसीच्या थोडा वर. गंमत म्हणजे ज्याचं नाव आपल्या तोंडी सतत असतं, ते खडकवासला यांत सर्वांत लहान, दोन टीएमसीसुद्धा नाही! म्हणून ते लवकर भरतं आणि वरून पाणी येत राहिलं की खाली सोडावंच लागतं.

पानशेतच्या हिरव्यागार मातीच्या बांधाकडे पाहताना 12 जुलै 1961 आठवल्यावाचून राहत नाही. धरण तेव्हा नवंच बांधलं जात होतं. बांध खचू लागला तेव्हा जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. सकाळी तो फुटलाच. पाठोपाठ खडकवासलाही फुटलं आणि पेठांमध्ये पाणी शिरलं. पण पोत्यांनी जे काही तास मिळवून दिले, त्यामुळं लोंढा अंधारात न येता दिवसाउजेडी आला आणि कितीतरी माणसं वाचली. घरात कुणी आजी असतील तर त्यांना विचारा. पुढं कित्येक दिवस नळ कोरडे होते. चिखलातून भांडी शोधून नव्यानं संसार मांडणं काय असतं, ते त्याच सांगतील.

हे जुनं झालं असं समजू नका. 25 जुलै 2024 ला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोकांच्या घरांत पाणी आलं. म्हणून बातम्यांतला 'क्युसेक' हा शब्द आपल्याला कळायला हवा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर, घरातल्या दोन बादल्या समजा. दहा हजार क्युसेक सोडले म्हणजे दर सेकंदाला वीस हजार बादल्या! असा आकडा कानी पडला की नदीकाठी राहणाऱ्या बहिणीला, मैत्रिणीला लगेच कळवा. रेशनकार्ड, औषधं, मुलांची दप्तरं वरच्या फळीवर ठेवायला सांगा आणि नदीपात्रातली गाडी आधी हलवा.

सहलीतही थोडं भान हवं. जलाशयात कुणालाही उतरू देऊ नका. तळाशी गाळ असतो आणि काठ एकदम खोल जातो. ओढ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पाला वाहून येऊ लागला, की वर जोराचा पाऊस झाला असं समजून मुलांना ताबडतोब बाहेर घ्या. भिंतीवर जायला मनाई असेल तर हट्ट धरू नये.

बरोबर दशम्या, शेंगदाण्याची चटणी, थर्मासमध्ये चहा, प्रत्येकाचा कपड्यांचा एक कोरडा जोड आणि दोन जुने पंचे घ्या. कचऱ्यासाठी एक पिशवी मात्र विसरू नका. तिथं टाकलेला कागद पाण्यात गेला तर ते पाणी शेवटी आपल्याच माठात यायचं आहे!