मुक्याची वारी

गेल्या माघात शेजारच्या गावी सप्ताह होता. आता माझ्याच्याने कीर्तन होत नाही. घसा बसला तो बसलाच. पण टाळांचा आवाज आला की पाय घरात ठरत नाहीत. काठी घेऊन गेलो आणि मंडपात मागे खांबाला टेकून बसलो. कीर्तनाला उभा होता एक तरुण. गळा गोड, पाठांतर चोख. कुत्र्याने पोळी पळवली आणि नामदेवराय तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, हा प्रसंग त्याने छान रंगवला. मग म्हणाला, "अहो, लांब कशाला? आपल्या जुन्नर तालुक्यातच एक कुत्रा होऊन गेला." मी सावरून बसलो. तो कुत्रा म्हणे एकादशी धरायचा. माउलींबरोबर पायी पंढरीला गेला आणि नामदेव पायरीवर डोकं ठेवून त्याने प्राण सोडला. मंडपात विठ्ठल विठ्ठल झालं. माझ्या शेजारच्या म्हातारीने डोळ्यांना पदर लावला.

माउली, त्या कुत्र्याचा मालक मी. आणि ही गोष्ट जन्माला घातली तीही मीच. पायरीवरचं मरण तेवढं त्या पोराने जोडलेलं. बाकी सगळं माझं. उद्या मी नसेन आणि गोष्ट मात्र गावोगाव फिरत राहील. म्हणून खरं काय घडलं ते लिहून ठेवतो.

त्याचं नाव मुक्या. पिल्लू असताना पावसात ओट्यावर येऊन बसला तो राहिलाच. भुंकायचा नाही म्हणून पोरांनी हे नाव ठेवलं. राखणीला निरुपयोगी. दिवसभर तुळशीवृंदावनाच्या सावलीत पडून राहायचा. पोळ्याला बैलांपुढे ताशा वाजू लागला की गोठ्यात कडब्यामागे जाऊन दडायचा. मी घरी अभंगाची चाल बसवत असलो तर ऐकायचा, पण पखवाजाला हात पडला की उठून जायचा. त्याला माणसांत दोनच माणसं ठाऊक, एक मी आणि एक आमची मंडळी.

1989 सालची आषाढी वारी. आमची दिंडी गावाहून पायी आळंदीला निघाली. वेशीपाशी मागे वळून बघतो तर मुक्या. ढेकूळ मारलं, तो थांबला. पुन्हा चालू लागलो, पुन्हा मागे. नारायणगावच्या अलीकडे कुणीतरी म्हणालं, "बुवा, तुमचं तर कुत्रंही वारकरी हो!" पुढच्या-मागच्या दहा जणांनी ते ऐकलं. माझ्या हातात दुसरं ढेकूळ होतं, ते मी टाकून दिलं. तिथून घर फार लांब नव्हतं. एखाद्या पोराबरोबर त्याला परत धाडता आलं असतं. पण वारकरी कुत्र्याचा मालक होणं मला गोड लागलं.

वारी आपल्याला घरासारखी. तो कल्लोळ आपल्याला झोपेतही हवासा वाटतो. कमरेएवढ्या उंचीच्या जनावराला ती कशी दिसत असेल, हा विचार मला तेव्हा शिवला नाही. त्याला दिसत होते फक्त पाय, लाखो पाय. पुण्याच्या दोन मुक्कामांत तो आमच्या सामानाच्या ट्रकखाली चाकाला चिकटून बसून राहिला. तिसऱ्या दिवशी एकादशी, सासवडचा मोठा टप्पा. दिवे घाटात रथाला जादा बैलजोड्या जुंपलेल्या, वरून ऊन, चहूकडून गजर. मुक्याला भाकरी टाकली तर त्याने हुंगलीसुद्धा नाही. कुणीतरी म्हणालं, "आज एकादशी ना! बघा, त्याला कळतं." झालं. बायाबापड्या वाकून त्याला नमस्कार करू लागल्या. एकीने आपल्या गळ्यातली तुळशीची माळ काढून त्याच्या गळ्यात घातली, दुसऱ्याने कपाळी बुक्का लावला. तो थरथरत होता. मी म्हणालो, अष्टसात्त्विक भाव! हसू नका, खरंच म्हणालो. त्याच रात्री सासवडच्या तळावरच्या सेवेत मी तो दृष्टांत पहिल्यांदा सांगितला.

द्वादशीला आम्ही उपास सोडला. त्याने नाही सोडला. जेजुरीत उधळलेला भंडारा त्याच्या डोळ्यांत गेला. नीरेच्या काठी माउलींच्या पादुकांचं स्नान झालं, त्या गर्दीत तो दिसेनासा झाला.

मी शोधला का? नाही. पलीकडे लोणंदला त्या रात्री माझी सेवा होती.

समाज आरतीचा प्रसंग वारकऱ्यांना सांगायला नको. दिंड्या गोल उभ्या, टाळांचा कडकडाट, आणि चोपदार चोप उंच करतो त्या क्षणी सगळं शांत. ज्या दिंडीचं गाऱ्हाणं असेल तिचे टाळ तेवढे वाजत राहतात, मग त्यांचं ऐकून घेतलं जातं. हरवल्या-सापडल्याच्या सूचनाही तिथेच होतात. त्या संध्याकाळी कुणाची पिशवी पुकारली, कुणाचा तांब्या पुकारला, कुणाची म्हातारी आई पुकारली. मी विणेकऱ्याच्या मागेच उभा होतो. नुसता पुढे जाऊन म्हटलं असतं की एक तांबूस कुत्रा आहे, गळ्यात माळ आहे, तर पुकारलं असतं. पण एवढ्या समाजासमोर कुत्रं हरवलं म्हणून सांगायची मला लाज वाटली. सासवडला त्याच कुत्र्याचं कौतुक सांगताना वाटली नव्हती.

सापडला तो तिसऱ्या दिवशी. आमच्या पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हर मागे गेला होता, त्याला पुलाच्या कडेला मोरीत दिसला. फलटणला आणला तेव्हा मी प्रथमच त्याचे पंजे उलटून पाहिले. चारही पंजांची कातडी डांबराने सोलवटून निघाली होती. आळंदीपासून तो माझ्या धोतराच्या सोग्यामागे चालत होता, आणि मी एकदाही खाली पाहिलं नव्हतं. गावाहून दिंडीला पिठलं-भाकरी घेऊन टेम्पो आला होता, त्यातून त्याला घरी धाडला. मुक्याने पंढरी पाहिली नाही. त्याची वारी फलटणलाच संपली.

मी मात्र पंढरीहून परतलो तो दृष्टांत घेऊनच. पहिल्या वर्षी सांगायचो, आमच्याबरोबर चालला. पुढच्या वर्षी, एकादशी धरली. मग एका काल्याच्या कीर्तनात श्रोते फार रंगले आणि तोंडून निघून गेलं, महाद्वारापर्यंत आला. गुरुजींनी आम्हाला शिकवलेलं की प्रमाणावाचून शब्द काढायचा नाही. या गोष्टीला प्रमाण कुठलं होतं? पण समोरून विठ्ठल विठ्ठल आलं की वक्त्याची जीभ त्याच्या ताब्यात राहत नाही.

मंडळींनी एकदाच टोकलं. आमच्याच गावात कीर्तन होतं, त्या बायकांत बसल्या होत्या. घरी आल्यावर चुलीपुढे बसून म्हणाल्या, "अहो, तो पंढरीच्या मागं नव्हता गेला. तुमच्या मागं गेलता." मी म्हणालो, "अगं, दृष्टांत असतो तो." त्या काही बोलल्या नाहीत. हळद-तेल लावून त्याचे पंजे त्यांनीच बरे केले होते.

आळे आमच्यापासून जवळ. माउलींनी पैठणला ज्याच्या मुखातून वेद बोलवले, त्या रेड्याची समाधी तिथे आहे. पैठणहून तो या भावंडांबरोबर निघाला आणि आळ्याला त्याने देह ठेवला, अशी परंपरा. त्या रेड्यावर मी आयुष्यात किती बोललो असेन! वेद कसे म्हटले, ब्रह्मवृंद कसा थक्क झाला, तासतासभर. पण वेदांच्या आधी काय घडलं? पखाल वाहणाऱ्या त्या जनावरावर आसूड ओढला आणि वळ माउलींच्या पाठीवर उमटले. ते मी एका वाक्यात उरकत असे, पुढच्या चमत्काराची घाई असायची. मंडळी गेल्या त्या वर्षी आळ्याला जाऊन समाधीपाशी बराच वेळ बसलो, तेव्हा डोळ्यांपुढे येत होते ते मुक्याचे पंजे. आणि नामदेवराय. ते कुत्र्यामागे धावले होते. माझ्याकडे कुत्रा मागून धावत होता आणि मी तोंड पुढे करून गात होतो.

मुक्या त्यानंतर सहा वर्षं जगला. वेशीबाहेर कधी गेला नाही. ज्येष्ठ लागला, मी खुंटीवरची पताका काढून झटकली की तो तुळशीपासून उठायचा आणि कडब्यामागे जाऊन बसायचा. दिंडी गाव सोडून गेल्यावर बाहेर यायचा, असं मंडळी सांगत. गेला तो तुळशीखालीच, श्रावणातल्या एका दुपारी. घरात कुणाला कळलंसुद्धा नाही.

कीर्तन संपल्यावर तो तरुण पाया पडायला आला. त्याला बाजूला घेतलं आणि हे सगळं सांगितलं. त्याने मान खाली घालून ऐकलं. पोरगा चांगला आहे. मग म्हणाला, "बाबा, म्हणजे तो परत आला असंच सांगू?"

"तसंच सांग. पंजांचंही सांग."

थोडा घुटमळला. "पण मग लोक विठ्ठल विठ्ठल कुठे म्हणतील?"

मी म्हटलं, "पंजांपाशी थोडा थांब. नाही म्हणाले तर नाही म्हणाले."