घरी कळेल का?

कॉलेज रोडवरून घरी येताना आज सारखा एकच प्रश्न मनात होता. सुरगाणा, पेठ, कळवणहून नाशकात शिकायला आलेली मुलगी समुपदेशकाकडे का जात नाही? ताण तर भरपूर असतो. पण गावाकडचं, नात्यातलं कुणीतरी कॉलेजात असतंच, आणि दाराबाहेरच्या वहीत नाव-वर्ग लिहायला लावला की तिचं अर्धं गुपित तिथेच फुटतं.

मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 मधल्या कलम 23 ने मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला गोपनीयतेचा हक्क दिला. त्याला अपवाद आहेत. जिवाला धोका असेल, दुसऱ्याला इजा होणार असेल, तर ते टाळण्यासाठी लागेल तेवढीच माहिती देता येते. हे मुलांना पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगायला हवं. नंतर कळलं तर विश्वास कायमचा जातो.

जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 100 किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांना प्रशिक्षित समुपदेशक नेमायला सांगितलं. फार बरं वाटलं. मात्र शिकवणाऱ्या प्राध्यापकांवरच हे काम सोपवणं मला अजिबात पटत नाही. जे अंतर्गत गुण देतात, त्यांच्यापुढे मूल मन कसं मोकळं करणार? आणि गैरहजेरीचं कारण वर्गशिक्षकांनी कितीही आपुलकीने विचारलं, तरी विद्यार्थ्याच्या परवानगीशिवाय समुपदेशकाने ते सांगू नये.

कॉलेजबाहेर कुणाशी बोलावंसं वाटलं, तर टेलि-मानसचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो. तिथे मराठीतही बोलता येतं.