टपालवाल्याची सायकल

आमच्या निघोज्यात हल्ली मोटारी पिकतात. देहू वर आणि आळंदी खाली, मध्ये इंद्रायणीच्या काठी आमचे गाव. पूर्वी या शिवारात कांदा-बटाटा होई. 2009 साली फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला आणि नव्या कोऱ्या गाड्या भल्या थोरल्या ट्रेलरवर चढून जगाच्या प्रवासाला निघू लागल्या. टपालवाला मात्र अजून दोन चाकांवरच येतो. सायकल गेली, मोटारसायकल आली, एवढाच काय तो फरक.

माणसाच्या निरोपाने आजवर कशाकशावर बैठक मारली आहे, याचा हिशेब मोठा गमतीचा आहे. पेशवाईत जासूद पायी धावत आणि सांडणीस्वार उंटावरून दौडत. इंग्रजी अमदानीत डाकवाला घुंगरांची काठी वाजवीत रानातून पळे. 1863 साली बोरघाटातून रेल्वेची वाट झाली आणि मुंबई-पुण्याचे टपाल घाट चढू लागले. 1911 साली अलाहाबादेस हेन्री पेके नावाच्या फ्रेंच वैमानिकाने साडेसहा हजारांच्या आसपास पत्रे विमानात घातली आणि यमुना ओलांडून नैनीला नेऊन उतरवली. अंतर म्हणाल तर अवघे दहा किलोमीटर! चांगला चालणारा माणूस दोन तासांत गेला असता. पण नवलाईला हिशेब नसतो. पुढे 1932 साली जे. आर. डी. टाटांनी कराचीहून मुंबईला टपालाचे विमान स्वतः चालवत आणले. आणि परवा, 2025 साली, कर्जतहून माथेरानला ड्रोनने टपाल गेले. वर्गात हे सांगितले तेव्हा पोरांचे डोळे विस्फारले. मी सायकलीची गोष्ट काढली तेव्हा मागच्या बाकावरच्या एकाने जांभई दिली. त्याचा राग नाही. त्याने ती सायकल पाहिलेली नाही.

काळी, उंच, आडव्या दांड्याची सायकल. हँडलला खाकी पिशवी, कॅरियरवर ट्यूबच्या रबराने आवळलेली पार्सले. पावसाळ्यात आमची काळी माती मडगार्डात अशी गच्च बसे की चाक फिरायचे नाव घेईना. मग टपालवाला बाभळीची काटकी मोडून ती कोरत बसे. चेन पडली की सीट आणि हँडल जमिनीवर टेकवून सायकल उलटी करी, आणि आम्ही पोरे हाताने पायडल फिरवायला धावत असू. त्या बदल्यात चाकणच्या रस्त्यापर्यंत कॅरियरवर बसायला मिळे. मॅट्रिकपुढे मी काही शिकलो नाही. पण पत्त्यावरून माणूस ओळखायचे शिक्षण मला त्या कॅरियरवर मिळाले. पुढे कादंबऱ्या लिहिताना तेच कामी आले.

1989 सालची दिवाळी. मी दहा वर्षांचा होतो. आईचा एकुलता एक भाऊ, माझा मामा, भुसावळला रेल्वेत होता. दर भाऊबिजेला तो येई. त्या वर्षी आला नाही. आई दिवसभर उंबऱ्याशी येरझारा घालत होती. दुपारी टपालवाला गावात आलेला मी पाहिला. तो आमच्या मळ्याच्या वाटेपर्यंत आला, थांबला, आणि सायकल हातात धरून चालत मागे वळला. संध्याकाळी आईने पाट मांडला. बीजेची कोर मावळतीला दिसली तेव्हा तिने चंद्राला ओवाळले. ज्या बहिणीचा भाऊ येत नाही, ती चंद्राला ओवाळते. वर हसून म्हणाली, "रजा नसेल मिळाली."

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो आला. सायकल भिंतीला टेकवली नाही, तशीच धरून उभा राहिला.

"अक्का, काल चेन तुटली. मळ्यापर्यंत येताच आलं नाही."

त्याच्या हातात कार्ड होते, आणि कार्डाचा कोपरा फाडलेला होता. आईला वाचता येत नव्हते; कोपरा वाचायला अक्षरओळख लागत नाही. मामा चार दिवसांपूर्वी गेला होता. सगळे उरकल्यावर शेजाऱ्यांनी पंधरा पैशांचे कार्ड टाकले होते. ते कार्ड आगगाडीतल्या टपालाच्या डब्यातून पुण्याला आले, थैलीतून एसटीने नाशिक रस्त्यावर आले आणि शेवटी या सायकलीवर बसले. रेल्वे चुकली नव्हती, एसटी चुकली नव्हती.

दिवाळीची पोस्त म्हणून आईने पाच रुपये आणि फराळाचा पुडा कोनाड्यात ठेवला होता. त्याने त्याकडे पाहिलेही नाही. पायडल मारत तो चढ चढून गेला.

रात्री आईने विचारले, "कार्डावर आपल्या पोस्टाचा शिक्का कधीचा आहे रे?"

मी कंदिलाशी जाऊन पाहिले. शिक्का भाऊबिजेचा होता.

"आजचा," मी म्हणालो.

नंतर एकदा त्याची चेन पडली तेव्हा ती बसवायला मीच बसलो होतो. कडी न् कडी गंजलेली. नवी कडी एकही नव्हती. त्याने केले ते बरे की वाईट, हे मला अजून ठरवता आलेले नाही. भाऊ गेल्याचे कळण्याचा हक्क आईचा होता, तो त्याने एक दिवस पिशवीत दाबून ठेवला. कायद्याने तो गुन्हाच. पण ती भाऊबीज तिची झाली, हेही खरे. आताचे पार्सल कुठवर आले ते फोनवर दिसते. तिथे चेन तुटायला जागा नाही.

पुढच्या दिवाळीला आईने त्याच्या हातावर दहा रुपये ठेवले. त्याने नोटा पाहिल्या.

"अक्का, जास्त झाले."

"मागच्या वर्षीचे राहिलेत," आई म्हणाली, आणि फराळाचे ताट आणायला आत गेली.